आधी करंट बघा, मग नट खोला

शेजारच्या आजोबांनी घर विकायला काढलं तेव्हा त्यांच्या गराजमधली एक वस्तू मुलांपैकी कुणालाच नको होती. लाकडी घोडीला आवळून ठेवलेलं, जुन्या चादरीचा घुंगट घेतलेलं एक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे अडकवायचं इंजिन. १९५७ सालचं जॉन्सन सी-हॉर्स, दहा हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, मॉडेल क्यूडी-१८. "तुझे वडील मेकॅनिक होते ना? मग तूच ने," आजोबा म्हणाले.

होते नाही, आहेत. वय एक्याऐंशी, मुक्काम कुडाळ. गॅरेज बंद करून बारा वर्षं झाली, पण रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा आजार आप्पा अजूनही अंगणातल्या खुर्चीत बसून आवाजावरून सांगतात. शाळेतून आल्यावर त्यांच्या गॅरेजमध्ये पाने रॉकेलात धुऊन पुसायचे, हे माझं लहानपणीचं काम. लॅम्ब्रेटा, विजय सुपर, जुनी बजाज. त्या स्कूटरांच्या फ्लायव्हीलखाली काय असतं हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. म्हणून इथे अमेरिकेत, मिलवॉकीत, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, या इंजिनाची दोरी ओढली आणि ते नुसतं फिरलं, फुर्र सुद्धा केलं नाही, तेव्हा मी घाबरले नाही. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. त्यातले दोन माझ्या चुकांमध्ये गेले. त्या चुका वगळल्या तर हे दोन संध्याकाळींचं काम आहे, आणि तेच इथे लिहिते.

आधी एक दिलासा. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही एकाच घरातली भावंडं, दोन्ही ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) या कंपनीची. पन्नासच्या दशकापासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिने तीनपासून चाळीस हॉर्सपॉवरपर्यंतच्या कितीतरी दोन सिलिंडरच्या इंजिनांना एकाच घडणीचं मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणारं यंत्र, बसवलं. कंपनीने डिसेंबर २००० मध्ये दिवाळं काढलं, पण हे मॅग्नेटो इतक्या इंजिनांत आहे की त्याचे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल दुसऱ्या कंपन्या आजही नवे बनवतात. तुमचं इंजिन साडेपाचचं असो की अठराचं, पुढचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल. (मिलवॉकी हे तर या घराण्याचं माहेर. ओल एव्हिनरूड या नॉर्वेहून आलेल्या माणसाने १९०९ मध्ये इथेच आपली आउटबोर्ड विकायला सुरुवात केली. ओकाउची तळ्यावर, पुढे त्याची बायको झालेल्या बेससाठी आइस्क्रीम आणायला होडी वल्हवत गेला, परत येईस्तोवर ते वितळलं, आणि त्या चिडीतून इंजिन सुचलं, ही कथा इथले लोक गणपतीच्या कथेइतक्या श्रद्धेने सांगतात. ते तळं माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर आहे.)

या यंत्राला बॅटरी नाही. इंजिनाच्या माथ्यावरच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, चुंबक आहे. फ्लायव्हील फिरलं की चुंबक कॉइलच्या लोखंडी पायांसमोरून जातो आणि कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांत प्रवाह सुरू होतो. तोवर पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे धातूचे दोन ठिपके, मिटलेले असतात. नेमक्या क्षणी क्रँकवरचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरचा, कॅम (उंचवटा असलेलं कडं) पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगच्या फटीत ठिणगी पडते. तुटताना पॉइंटवरच ठिणगी उडून सगळी ताकद तिथे खर्च होऊ नये म्हणून कंडेन्सर. एवढंच. आमच्या विजय सुपरमध्ये हेच होतं. फरक इतकाच की इथे प्रत्येक गोष्ट दोन-दोन आहे आणि हाय टेन्शन कॉइलही फ्लायव्हीलखालीच बसतो.

दोन-दोन असणं हे तुमच्या फायद्याचं आहे. वरच्या सिलिंडरला ठिणगी आहे आणि खालच्याला नाही, तर चुंबकावर किंवा क्रँकवर फ्लायव्हीलची जागा ठरवणाऱ्या चावीवर संशय घ्यायचं कारण नाही, दोष त्या एका जोडीत आहे. वरचा कॉइल खाली, खालचा वर लावून बघा. दोष जागा बदलतो का, यावरच अर्धं निदान होतं. दोन्हीकडे एकदम काही नसेल तर आधी बघा की इंजिन बंद करण्याचा स्विच बसवलेला आहे का. असेल तर त्याची तार सोडवून पुन्हा तपासा.

खोलण्याआधी

मी पहिल्याच दिवशी फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून बसले होते. व्हिडिओ कॉलवर आप्पा. इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे आठ, त्यांच्या दुसऱ्या चहाची वेळ. "घाय कित्याक करतंस? आधी करंट बघ गो, मगे खोल."

करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, बघायची तर नीट बघायची. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढायची ही आपल्याकडची जुनी पद्धत. तिने फसगत होते, कारण मोकळ्या हवेत प्लगच्या एवढ्याशा फटीत मरतुकडा कॉइलही ठिणगी टाकतो. तोच कॉइल सिलिंडरच्या दाबाखाली हात टेकतो. म्हणून उघड्या फटीचा टेस्टर घ्या, फट पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर ठेवा. दोन्ही प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. एका तारेला टेस्टर, दुसरी तार इंजिनाच्या अंगाला अर्थ करून ठेवा, लोंबकळत सोडू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतल्या आवरणातून वाट काढते आणि चांगला कॉइल जातो. पेट्रोलची टाकी आधी नळीसकट दूर नेऊन ठेवा, गराजचं दार उघडं ठेवा, आणि टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब धरा, कारण त्या भोकांतून जुन्या पेट्रोलचा फवारा येतो. तारेला हात लागला तर मुंग्या येत नाहीत, गाढवाची लाथ बसते. छातीत पेसमेकर असलेल्याने या कामात पडू नये.

ठिणगी निळी हवी आणि तिचा 'टच्' आवाज यायला हवा. माझ्या वरच्या सिलिंडरला पिवळी, तीही दहात तीनदा. खालच्याला काहीच नाही.

याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघून घ्या. गेज नसेल तर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढा, दोन्हीकडे अंगठा सारख्याच जोराने उडाला पाहिजे. माझ्या गेजवर ८५ आणि ८२ पौंड आले. आकडा थोडा कमी असला तरी चालतो, दोघांत मोठा फरक असला तर मात्र कॉइलवर पैसे घालण्याआधी विचार करा.

फ्लायव्हील

वरची टोपी काढली की दोरीचं स्टार्टर दिसतं. ते अखंडच उचलून बाजूला ठेवा. त्याच्या पोटात गुंडाळलेली स्प्रिंग आहे, आज तिच्याशी आपलं काही काम नाही. मग फ्लायव्हील पट्ट्याच्या पान्याने धरून मधला नट सैल करा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालणारे लोक असतात. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.

नट पूर्ण काढू नका. तो क्रँकच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच वर आणा, म्हणजे फ्लायव्हील ओढून काढायच्या अवजाराचा, पुलरचा, दाब आट्यांवर येणार नाही. आणि आता माझी पहिली चूक. माझ्याकडे बेअरिंग काढायचा तीन नखांचा पुलर होता. त्याची नखं मी फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कडेत अडकवली आणि पिळत गेले. फ्लायव्हील तसूभर हललं नाही, कडेला मात्र कायमची खूण पडली. जरा आणखी पिळलं असतं तर कड वाकली असती आणि मग कॉइल-पॉइंट सगळं व्यर्थ. फ्लायव्हीलच्या मध्यापाशी आटे पाडलेली तीन भोकं असतात, ती पुलरसाठीच आहेत. गाडीचं स्टिअरिंग चाक काढायचा चपटा पुलर मिळतो, त्याचे तीन बोल्ट त्या भोकांत बसवायचे. बोल्ट पाच-सहा आटे तरी आत गेले पाहिजेत, पण इतके लांब नकोत की पलीकडून निघून खालच्या कॉइलवर टेकतील. मधला बोल्ट आवळा, ताण आला की त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका टोला द्या. टोला पुलरच्या बोल्टवर, क्रँकवर नाही. टेपर, म्हणजे क्रँकच्या निमुळत्या टोकाची पकड, सुटल्याचा 'टण्ण' आवाज येतो. नाही आला तर पुन्हा थोडं आवळा, पुन्हा टोला. माझं तिसऱ्या टोल्याला सुटलं.

उचललेलं फ्लायव्हील उताणं, स्वच्छ कापडावर ठेवा, आणि त्याला आपटू नका. चुंबकाला वॉशर, स्क्रू, लोखंडाचा कीस असं काय काय येऊन चिकटतं. परत बसवताना एक जरी वॉशर आत राहिला तर कॉइलचा चुरा. क्रँकच्या खाचेतली अर्धचंद्राकार चावी चिमट्याने काढून डबीत टाका, आणि तिच्याकडे निरखून बघा. कडेला थोडीही पायरी पडली असेल तर फ्लायव्हील कधीतरी घसरलेलं आहे. चावी बदला, नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, कधीच जुळणार नाही.

आता मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. कुठली तार कशाच्या खालून जाते हे तुम्हाला उद्या आठवणार नाही.

आत काय दिसलं

दोन्ही कॉइलची आवरणं वैशाखातल्या खाचरासारखी तडकलेली. या मॅग्नेटोचं हे ठरलेलं दुखणं आहे. जुनं आवरण उन्हाने, थंडीने आणि दमटपणाने कडक होऊन फुटतं, भेगांत ओल शिरते आणि ठिणगी प्लगपर्यंत जायच्याऐवजी भेगेतून लोखंडावर उडी मारते. मीटरला हे कळत नाही. मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, त्याला ती भेग भिंतच वाटते. कॉइलच्या जाड वेढ्यांचा रोध एक ओमच्या आसपास आणि बारीक वेढ्यांचा काही हजार ओम असला म्हणजे आतली तार तुटलेली नाही, इतकंच सिद्ध होतं. म्हणून कॉइलच्या बाबतीत मीटरपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा: तडा दिसला की बदला, दोन्ही बदला. तडा नाही, आवरण गुळगुळीत आहे, तर राहू द्या. ओएमसीच्या नंतरच्या काळातले कॉइल टिकाऊ निघाले आहेत, ते उगाच फेकू नका.

पॉइंटवर राखाडी-हिरवा थर होता. ते कोरडे होते ही चांगली बातमी. तुमच्याकडे तिथे काळं, ओलसर तेल दिसलं तर क्रँकचं वरचं सील गळतंय, आणि सील बदलल्याशिवाय पॉइंट साफ करणं म्हणजे पावसात अंगण झाडणं.

मॅग्नेटोची प्लेट हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. थ्रॉटलबरोबर ती फिरायलाच हवी. पण ती वर-खाली किंवा आडवी डुगडुगत असेल तर पॉइंटची फट प्रत्येक वेळी वेगळी येईल. माझी घट्ट होती. प्लेट फिरते तिथे तारा घासतात, म्हणून प्रत्येक तार वाकवून आवरण तपासा. खालच्या सिलिंडरच्या पॉइंटकडे जाणारी बारीक तार माझ्याकडे अर्धी सोललेली होती आणि प्लेटला टेकत होती. तिथे ठिणगी शून्य का, याचं उत्तर कॉइलच्या आधी इथेच मिळालं.

पॉइंट: इथे घाई नको

मी दोन्ही पॉइंट नवे घेतले, आणि इथे माझी दुसरी चूक. नवे पॉइंट पाकिटातून काढले, बसवले, फट लावली, फ्लायव्हील चढवलं. ठिणगी नाही. दोन संध्याकाळी मी नव्या कॉइलला दोष देत बसले. तिसऱ्या सकाळी, म्हणजे इथल्या रात्री, आप्पांनी एकच विचारलं: "नवो म्हणान पुसलंस नाय?"

नाही पुसले. नव्या पॉइंटवर गंज येऊ नये म्हणून कारखान्यात एक पातळसा थर दिलेला असतो, शिवाय माझ्या बोटांचं तेल. इथे काम चालतं ते अगदी कमी व्होल्टवर. बॅटरीच्या गाडीत एखादा डाग जळून जातो, इथे तेवढा थरही प्रवाह अडवायला पुरतो.

तर पॉइंट जुने असोत की नवे, रीत एकच. जुन्यांवर आधी पॉइंटची बारीक कानस किंवा ४०० नंबरचा पॉलिशपेपर दुहेरी घडी घालून दोन-चार वेळा फिरवा. खड्डा पूर्ण जाईस्तोवर घासत बसू नका, राखाडी थर जाऊन धातू दिसला की पुरे. एका बाजूला खोल खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असेल तर ते पॉइंट संपले. एमरीचं कापड वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुतून राहतात. मग जाड पांढऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटात किंवा ॲसिटोनमध्ये भिजवून मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. काळी रेघ येईल. नवी पट्टी, पुन्हा ओढा. रेघ येईनाशी होईपर्यंत. शेवटची पट्टी कोरडी. आप्पा यासाठी लग्नपत्रिकांचे कोरे कोपरे कापून डब्यात जमवून ठेवायचे. तो कागद धागे सोडत नाही. कुडाळमधल्या किती लग्नांच्या पत्रिका त्या पॉइंटांतून गेल्या असतील!

आता फट. जुन्या पॉइंटला ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. नव्यांना ०.०२२, कारण त्यांचा फायबरचा पाय कॅमवर घासून थोडा झिजतो आणि फट आपोआप कमी होते. कॅम बसवताना 'टॉप' लिहिलेली बाजू वर आहे ना ते बघा. फ्लायव्हीलचा नट क्रँकवर हाताने चढवा आणि पाना लावून क्रँक फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा. उलटं फिरवलं की पाण्याच्या पंपाच्या रबरी पात्या मुडपतात. चावीची खाच पॉइंटच्या फायबरच्या पायासमोर आली की पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असतात. फट तिथेच मोजायची. मग अर्धा फेरा, आणि दुसऱ्या जोडीसाठी तसंच.

प्रत्येक जोडीला दोन स्क्रू दिसतात. एक आवळायचा, एक फट कमी-जास्त करायचा. पहिला किंचित सैल करा, दुसऱ्याने फट जुळवा, पहिला आवळा, आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना फट हटकून सरकते. मला चार वेळा करावं लागलं. फट मोजायच्या फिलर गेजची पाती आधी स्पिरिटने पुसा. ती तेल लावूनच पाकिटात येतात, आणि तेच तेल तुम्ही आत्ताच साफ केलेल्या पॉइंटवर फासाल. पात सरकताना लोण्यात सुरी जावी तशी नाही, वहीच्या पानांत अडकलेली पट्टी ओढावी तशी सरकली पाहिजे. ०.०१९ची पात सहज जाते आणि ०.०२१ची अडते, म्हणजे बरोबर.

खात्रीसाठी मीटर बीपवर ठेवा, एक टोक पॉइंटच्या स्क्रूला, दुसरं प्लेटला, आणि क्रँक हळू फिरवा. मिटले की आवाज, उघडले की शांतता. पण त्याआधी त्या स्क्रूवरून कॉइलची तार सोडवा. इथे पुष्कळ लोक अडकतात: कॉइलचा रोध जेमतेम एक ओम, त्यामुळे तो जोडलेला असला की पॉइंट उघडले तरी मीटर ओरडतच राहतो, आणि माणूस चांगले पॉइंट फेकून देतो. क्रँक कुठे आल्यावर आवाज थांबला तिथे दोन्ही जोड्यांसाठी पेन्सिलीने खूण करा. त्या दोन खुणांमध्ये बरोबर अर्धा फेरा हवा. थोडा फरक असला तर फट केसभर कमी-जास्त करून तो जुळवा.

कॅमवर तेल देणारी नमद्याची वात असते. तिला तेलाचा एक थेंब. दोन नाही.

कॉइल आणि कंडेन्सर

कंडेन्सर सहसा जात नाहीत. मल्टिमीटरवर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा आला की झालं. पॉइंट लवकर लवकर जळत असतील तरच त्यांच्याकडे बघा. मी मात्र बदलले, कारण पॉइंटबरोबर संचात आले होते.

कॉइल तीन स्क्रूंवर बसतो. जुने स्क्रू ॲल्युमिनियममध्ये गंजून बसलेले असतात, तेव्हा गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा आणि खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर वापरा. प्लगची तार कॉइलच्या तोंडात असलेल्या टोकदार खिळ्यावर दाबून, फिरवून बसवायची असते. तार सात मिलिमीटरची, आत तांब्याच्या तारांचा पीळ असलेली घ्या. हल्लीच्या गाड्यांची कार्बनची तार चालत नाही, त्या खिळ्याला तिच्यात धरायला काही नसतं. तोंडाशी सिलिकॉनचा एक ठिपका लावला की ओल शिरत नाही.

कॉइलच्या लोखंडी पायांची बाहेरची कड प्लेटवरच्या घासून गुळगुळीत केलेल्या उंचवट्यांशी एका रेषेत आली पाहिजे. पाय आत राहिले तर चुंबक दूर पडतो आणि ठिणगी मंद होते, बाहेर आले तर चुंबकावर घासतात. स्क्रू अर्धे आवळा, सरळ पट्टी टेकवा, बोटाने फिरवून पायरी लागते का बघा, मग पूर्ण आवळा. पायांच्या कडेला मार्करने शाई लावा. फ्लायव्हील चढवून चार-पाच फेरे फिरवल्यावर परत काढा. शाई पुसली गेली असेल तर घासतंय. हे काम कंटाळवाणं आहे, मी दोनदा केलं.

सगळ्या बारीक तारा प्लेटच्या अंगाशी दाबून बसवा. वर उठलेली एक तार फ्लायव्हील एका मिनिटात सोलून काढतं.

परत चढवताना

क्रँकचा टेपर आणि फ्लायव्हीलचं भोक स्पिरिटने पुसून कोरडं करा. इथे ग्रीस नको, तेल नको. फ्लायव्हील चावीवर नाही, त्या टेपरच्या घट्ट पकडीवर टिकतं. चावी फक्त जागा दाखवते. चावीची बाहेरची कड क्रँकच्या मध्यरेषेला समांतर, म्हणजे सरळ उभी हवी, तिरकी बसली तर फ्लायव्हील तिच्यावर चढून बसतं. नटाचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचा तो आकडा, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि तो टॉर्कच्या पान्यानेच द्या. सैल नट म्हणजे तुटलेली चावी.

प्लग मी चॅम्पियन जे-६-सी घातले, फट ०.०३० इंच. वरच्या कॉइलची तार वरच्या सिलिंडरला. उलट लावल्या तर इंजिन कार्बोरेटरमधून थुंकतं आणि सुरू होत नाही. आधी पुन्हा टेस्टर: सहा मिलिमीटरची फट, निळी ठिणगी, दोन्हीकडे, दहात दहा वेळा. ती मिळाल्याशिवाय पेट्रोलला हात लावू नका.

इंजिन कोरडं कधीच चालवायचं नाही. मी कचऱ्याचा मोठा प्लास्टिकचा पिंप धुऊन घेतला, पाण्याने भरला आणि इंजिनाचा पाय त्यात बुडवला. पाण्याचा पंप त्याआधीच बदलला होता, साठ-सत्तर वर्षांच्या रबरावर माझा विश्वास नाही. या वयाच्या जॉन्सनची टाकी दाबाची असते, दोन नळ्यांची. झाकण उघडताना आधी दाब सोडा. पेट्रोलमध्ये तेल मी २४:१ टाकते, पिंपात गिअर न्यूट्रलमध्ये ठेवते.

चोक ओढला, दोरी एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते खोकलं. चोक अर्धा आत, चौथ्यांदा सुरू झालं, निळ्या धुराने अंगण भरलं आणि समोरच्या घरातल्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. दहा मिनिटांनी बंद करून नटाचा टॉर्क पुन्हा तपासला. तुम्हीही तपासा, पहिल्या धावेत तो थोडा बसतो.

रात्री साडेनऊला फोन टेकवून आप्पांना दाखवलं. ते बराच वेळ नुसते ऐकत होते, डोळे मिटून. मग विचारलं, "पाणी थुकता मा?"

या जुन्या जॉन्सनला बाजूने पाण्याची धार सोडणारी नळी नसते, हे मी त्यांना सांगितलं. पायाच्या मागच्या बाजूला धुराची भोकं आहेत, तिथे हात धरला की कोमट तुषार लागतात. फोन एका हातात धरून दुसरा हात मी तिथे नेला. लागत होते.